दोन मिनिटं न अडखळता

खमरिया, जबलपूर
१२ जानेवारी २०२५

यशो,

जयभीम घे आणि आधी हे सांग की जिवंत आहेस ना. आठ दिवसांपासून तुझा फोन बंद लागून राहिला. शेवटी तुझ्याच घरी गेलो. कलावतीकाकूला म्हटलं, नर्सिंगच्या जागा निघाल्यात, यशोला फॉर्म पाठवायचा आहे. काकूनं पत्ता दिला, वरून दोन लाडू दिले. त्या म्हणाल्या, नागपूरच्या इंग्रजी क्लासच्या मॅडमनं सगळ्या पोरींचे फोन कपाटात टाकले, रविवारी फक्त एक तास देतात आणि तो तास आम्हा आईबाबांचा. बरोबर आहे. मी कोण लागतो? म्हणून हा कागद. उत्तर लिहिशील तर दुकानाच्या पत्त्यावर लिहिजो, घरी नको.

तीन महिने म्हणजे किती असतात हे तू गेल्यावर समजून राहिलं. मला राग याचा येतो की तुझं काही चुकलं नव्हतं. मागच्या वर्षी इंग्रजीची परीक्षा दिली तेव्हा त्या आयर्लंडच्या हॉस्पिटलला बोलण्यात नऊपैकी साडेसहा पुरत होते. तुला साडेसहा मिळाले. आपण सदरला जाऊन छोले-भटुरे खाल्ले. तुझे कागद तिकडं पोहोचेपर्यंत त्यांनी सात करून टाकले. पळणारा पोहोचला की दोरी आणखी पुढं न्यायची, असा हा खेळ.

मला तर दोरीपर्यंतही जाऊ दिलं नाही. तुला माहीत आहे ते, पण लिहितो, लिहिल्यावर जरा बरं वाटते. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या सेमिस्टरची तोंडी परीक्षा होती. बाहेरून आलेल्या परीक्षकानं बॉयलरचं विचारलं. मला येत होतं, मी हिंदीत धडाधड सांगितलं. तो म्हणाला, हे उत्तर मी ऐकलंच नाही, इंग्रजीत सांग. मी फाइल त्याच्या टेबलावर आपटली आणि निघालो, ते निघालोच. आता म्हणतात हिंदीतही चालते. चालू दे.

पियूषभैयांच्या दुकानात काम बरं चालू आहे. आर्मीवाल्यांच्या पितळी पाट्या, नाव आणि हुद्दा. दिवसभर इंग्रजीच कोरतो, एक अक्षर वाकडं जात नाही. फक्त तोंडातून निघत नाही.

तू सात आणशील. लवकर लिही.

तुझाच
अश्वजीत

•

नागपूर
२४ जानेवारी

अश्वजीत,

पत्र मिळालं. मीरा मॅडमनं पाकीट हातात दिलं, उघडलं नाही. इथं बोलणं पकडतात, लिहिणं पकडत नाहीत. म्हणून मी सध्या कागदावरच मराठी आहे.

आम्ही पंचवीस जणी, सगळ्या नर्सा. तोंडातून मराठी नाहीतर हिंदी शब्द निघाला की उभं राहायचं आणि तेच सगळ्यांसमोर इंग्रजीत सांगायचं. माझ्या खोलीतली विनता अमरावतीची आहे. तिच्या पायावर परवा बादली पडली, ती "आई गं" म्हणली. मॅडमनं तिला उभं केलं. ती बिचारी एका पायावर उभी राहून आईला इंग्रजीत हाक मारत होती. आम्ही हसून हसून मेलो, मग आम्हाला हसण्याबद्दल उभं केलं.

खरी भीती चिठ्ठीची आहे. परीक्षेत एक चिठ्ठी देतात, तिच्यावर विषय असतो. आवडती जागा, तुम्हाला मदत करणारा माणूस, असं काही. एक मिनिट विचार करायचा आणि मग दोन मिनिटं न अडखळता बोलायचं. मागच्या वेळी मी तिथंच मार खाल्ला. मॅडम म्हणतात, काहून अडखळता, कारण तुम्ही खरं सांगायला जाता. परीक्षकाला तुमच्या आयुष्याशी घेणंदेणं नाही, त्याला फक्त तुमचं बोलणं मोजायचं आहे. सोपं खोटं बनवा आणि पाठ करा.

पहिल्या दिवशी मी ग्वारीघाटाचं सांगायला गेली. आपण नावेत बसलो, फुलवालीनं नदीत सोडायचा दिवा पुढं केला, "दोनों मिल के छोड़ो, जोड़ी बनी रहे" म्हणली, तू तिच्याशी वाद घातला की आम्ही हे मानत नाही, आणि नाव निघता निघता हळूच मागं वळून तिच्याकडून दिवा मागून घेतला. हे कसं सांगू इंग्रजीत? दिव्यापर्यंत आली आणि थांबली. मॅडमनं घड्याळ पाहिलं. नऊ सेकंद गप्प होतीस म्हणाल्या. मग मी ग्वारीघाट काढून टाकला. आता माझ्या आवडत्या जागेत एक मॉल आहे, त्यात सरकते जिने आहेत. मी एकदाही थांबत नाही.

काळजी घे. पियूषभैयांशी भांडू नको.

यशोधरा

•

सदर, जबलपूर
३ फेब्रुवारी

यशो,

पियूषभैया तुझं पाकीट हलवत आले, "का बड्डे, समन आओ है तुम्हारो." जणू कोर्टाचं समन, तेही सगळ्या कारागिरांपुढं. मी भांडलो नाही, तू म्हटलं होतं ना.

मॉल तर मॉल. तुझ्या सरकत्या जिन्यांवर मी जळून राहिलो, हसू नको. इतक्या वर्षांत आपण जोडीनं म्हणून नावेत एकदाच बसलो आणि तेवढंच तुला नऊ सेकंदांत काढून टाकावं लागलं. ती फुलवाली परवा दिसली, मी मान खाली घातली.

आता हे सांग, मदत करणारा माणूस अशी चिठ्ठी आहे म्हणतेस, त्यात कोण आहे? तुझा नर्सिंगचा फॉर्म भरायला भोपाळला कोण आलं होतं? नाईट ड्युटीवरून आणायला तुझे बाबा नसले की स्कूटर घेऊन कोण उभं राहायचं? नाही, मी मोजून दाखवत नाही. फक्त विचारून राहिलो.

एक वाईट गोष्ट सांगतो. मनात कधी कधी येते की तुला याही वेळी साडेसहाच मिळावेत. तू परत यावं, त्याच हॉस्पिटलात ड्युटी करावी आणि मी फाटकाशी स्कूटर लावावी. मग स्वतःच्या कानाखाली वाजवावी वाटते. तू सात आणले तर तीन वर्षांसाठी आयर्लंडला गेली. नाही आणले तर तुझं तोंड मला पाहवणार नाही. दोन्हीकडून मीच मरतो.

तुमच्या इथं रविवारी भेटायला येता येते असं काकूच म्हणाल्या. सोळा तारखेला येतो. तुझे आईबाबा त्या दिवशी दमोहला लग्नाला आहेत.

अश्वजीत

•

सदर, जबलपूर
१७ फेब्रुवारी

यशोधरा,

पहाटेच्या बसनं निघालो तेव्हा मला वाटलं होतं, तुझ्याशी काय काय बोलायचं ते सात तास आठवत जाऊ. गेलोही. सगळं मराठीत आठवलं, हीच चूक झाली.

फाटकावर रजिस्टर होतं. नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात "फ्रेंड" लिहिलं, अक्षर चांगलं काढलं. मग ती भेटीची खोली, ती प्लास्टिकची खुर्ची आणि समोर पेपर वाचत बसलेल्या तुझ्या मॅडम. भेटायला येणाऱ्यानंही इंग्रजीतच बोलायचं, हे तू लिहायला पाहिजे होतं. आपण काय बोललो आठवते? मी विचारलं, जेवण कसं आहे. तू म्हणाली, जेवण चांगलं आहे. तू विचारलं, माझे वडील कसे आहेत. मी म्हटलं, वडील बरे आहेत. तू विचारलं, आई? मी म्हटलं, आई पण बरी. माझ्या घरच्यांचं तू आजवर इतकं कधी विचारलं नव्हतं. मग दोघंही भिंतीकडं पाहत बसलो. वीस मिनिटं. दोनशे सत्तर किलोमीटरवरून येऊन.

तेही चाललं असतं. तुला नुसतं पाहायला मिळत होतं, मला तेवढं बस होतं. पण ती तुझी विनता आत आली, माझ्याकडं पाहून खुश झाली आणि म्हणाली, अच्छा, तुम्ही यशोचे मोठे भाऊ, फॅक्टरीतले इंजिनिअर. सगळं इंग्रजीत, पण एवढं इंग्रजी मला समजते. म्हणाली, तुमच्याबद्दल आम्हाला सगळं पाठ आहे, यशोच्या चिठ्ठीत रोज ऐकतो.

तू खाली पाहिलं. तेव्हाच समजलं की तिची चूक नव्हती.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, मी हिचा भाऊ नाही. त्या खोलीत ते मराठी ऐकून मॅडमनं पेपर खाली केला. "इंग्लिश, प्लीज." मला तेवढं एक वाक्यही वळवता आलं नाही यशो. राग आला की माझी जीभ आणखीच जड होते. म्हणून चालू पडलो. लाडवाचा डबा खुर्चीवरच राहिला, माझ्या आईच्या हातचे आहेत, खा.

भाऊ? आणि इंजिनिअर? मी जो आहे तो सांगायची लाज वाटते का? दोन मिनिटांसाठी पण? माझं एकच म्हणणं आहे. परीक्षेत ती चिठ्ठी आली तर खरं सांगायचं. मी कोण, काय करतो, तुझा कोण लागतो. नाहीतर माझं नाव कुठंच घ्यायचं नाही, ना इंग्रजीत, ना मराठीत.

अश्वजीत रामटेके

•

नागपूर
१ मार्च

अश्वजीत,

रामटेके लिहून सही केली म्हणजे मी घाबरेन असं वाटलं? थोडी घाबरली. म्हणून दहा-बारा दिवस लिहिलं नाही.

तू गेल्यावर काय झालं ते ऐक. मॅडमनं रजिस्टर पाहिलं, त्यात फ्रेंड. मग मला उभं केलं. तो जे बोलून गेला ते इंग्रजीत सांग. मी सांगितलं, तो माझा भाऊ नाही. चोवीस पोरींसमोर. मॅडम म्हणाल्या, ठीक, आता पुढचा प्रश्न, मग कोण? मी गप्प. त्यांनी घड्याळ पाहिलंच नाही, बस म्हणाल्या.

मी आधी खरंच सांगत होती. पहिल्या आठवड्यात त्या चिठ्ठीत तूच होता, मित्र म्हणून. पण दोन मिनिटं झाली की परीक्षक पुढचं विचारतो. मॅडमनं तसंच विचारलं. तो काय करतो? किती शिकला? कॉलेज काहून सोडलं? पुढं तुमचं दोघांचं काय ठरलं आहे? अश्वजीत, यातल्या एकाचं तरी उत्तर आपल्याकडं मराठीत आहे का? मी इंग्रजीत कुठून आणू? भाऊ म्हटलं की पुढं कोणी काही विचारत नाही. भाऊ मदत करतो, एवढं पुरते. आणि इंजिनिअर मी लाजेनं नाही केलं. ते फाइलचं सांगायला गेली की माझा आवाज जातो. म्हणून त्या बॉयलरवाल्या परीक्षकाकडून तुला पास करून घेतलं. चिठ्ठीत तू चारही वर्षं शिकला.

आता दुसरं, जे लिहायचं नव्हतं. बाबा तीस जूनला फॅक्टरीतून रिटायर होऊन राहिले. मग क्वार्टर सोडावं लागेल. त्याआधी माझं उरकायचं असं त्यांच्या मनात आहे. गोंदियाच्या राधाबाई आत्यानं रायपूरचं एक स्थळ आणलं, बँकेतलं आहे. मी बाबांकडून एवढंच मागून घेतलं आहे की सात आले तर तीन वर्षं लग्नाचं नाव काढायचं नाही. ते हो म्हणाले. बाबा दिलेला शब्द मोडत नाहीत.

तू म्हणतो सात आले तर मी गेली. मी म्हणते सात आले तरच आपल्याला तीन वर्षं मिळतात. तेवढ्यात तू काही कर, कॉलेज पुरं कर, हिंदीत कर, कसंही कर. साडेसहात आपल्या दोघांना उभं राहायला जागा नाही.

परीक्षा बावीस मार्चला आहे. राग गेला असेल तर लिही. नसेल गेला तरी लिही.

यशो

•

सदर, जबलपूर
७ मार्च

यशो,

मी गाढव आहे. हे इंग्रजीतही सांगू शकतो.

रायपूरचं तू आधी सांगितलं असतं तर मी त्या खोलीत तीन तास जेवण कसं आहे एवढंच विचारत बसलो असतो. तुझं पत्र मी दुकानाच्या मागं बसून वाचलं. तुझ्या चिठ्ठीत मी चारही वर्षं शिकलो हे वाचलं आणि परत पहिल्यापासून वाचायला लागलो. पियूषभैया आले, माझ्याकडं पाहून परत गेले. त्यांनी पहिल्यांदा टोमणा मारला नाही.

तर आता ऐक. मी सतरा तारखेला जे लिहिलं ते फाडून टाक. भाऊ म्हण. मोठा भाऊ म्हण, इंजिनिअर म्हण, माझ्याकडं चारचाकी आहे म्हण. मला जराही वाईट वाटणार नाही, शपथ. तू तिथं भाऊ म्हणशील तेव्हा मी इथं समजेन की यशो मलाच हाक मारून राहिली. त्या दोन मिनिटांत मला तू काहीही कर, फक्त थांबू नको.

काल कॉलेजातही गेलो. बाबूनं रजिस्टर काढलं, माझं नाव अजून आहे म्हणाला, जुलैत या. मी त्याच्याशी भांडलो नाही. तीन वर्षांत मी तुझ्या चिठ्ठीतला माणूस होऊन दाखवतो.

हे स्पीड पोस्टानं टाकतो. तेरा-चौदाला होळीची सुट्टी आहे, त्याआधी मिळेल. मिळालं की मोठा श्वास घे आणि जा.

तुझा
अश्वजीत (मोठा भाऊ, इंजिनिअर)

•

गोंदिया
८ एप्रिल

अश्वजीत,

नागपूरहून बाबांनी मला सरळ आत्याकडं आणलं. फोन आता माझ्याकडं आहे, पण आत्या बाजूलाच असते. आणि हे फोनवर लिहून पाहिलं, चार वेळा खोडलं.

तुझं पत्र अकराला मिळालं होतं. परीक्षेला जाताना पर्समध्ये होतं.

चिठ्ठी आली. तीच नाही, पण जवळची. तुमच्याशी प्रामाणिक असलेला एक माणूस. मी एका मिनिटात ठरवलं, आपला भाऊच इथं बसवायचा. सुरू केलं. माझा मोठा भाऊ. आणि तिथंच थांबली. तू रागात होता तेव्हा मी रोज तेच दहा वेळा बोलत होती, काही होत नव्हतं. तू हो म्हटलं आणि माझ्याच्यानं म्हणवेना. परीक्षक चांगला होता बिचारा, मान हलवत राहिला, बोला बोला. मग मी खरं सांगितलं. मित्र आहे, पितळेवर नावं कोरतो, एकदा त्यानं फाइल फेकली. किती वेळा अडखळली माहीत नाही.

बोलण्यात साडेसहा. बाकी सगळ्यांत सातच्या वर. काहून साडेसहा ते लिहून देत नाहीत, नुसता आकडा येतो. कदाचित त्या चिठ्ठीमुळं, कदाचित दुसऱ्याच कशामुळं. तू स्वतःला लावून घेऊ नको. मी तुला दोष देऊन राहिली असं समजू नको.

पुढचं. परवा रविवारी रायपूरचे लोक इथं आले. मी ठरवलं होतं, काहीच नीट बोलायचं नाही म्हणजे जातील. चहा झाला. मुलाचे मामा रिटायर मास्तर आहेत. ते म्हणाले, बेटी, नागपूरला इंग्रजी शिकली म्हणे, जरा आम्हाला ऐकव. तुझी आवडती जागा कोणती? मला गप्प बसायचं होतं, खरंच. पण तो प्रश्न ऐकला आणि माझं तोंड सुरू झालं. मॉल, सरकते जिने, काचेचं छत. मधेच मला कळत होतं की मी हे काय करून राहिली, पण थांबता येईना. तीन महिने थांबायचं नाही एवढंच शिकली होती. दोन मिनिटं पुरी झाली तेव्हाच तोंड बंद झालं. मामांनी टाळी वाजवली. म्हणाले, अशी फर्राटेदार इंग्रजी आमच्या पूर्ण खानदानात नाही.

ते हो म्हणून गेले. बुद्धपौर्णिमेला सगाई, बारा मे. बाबा दुसऱ्या दिवशी खमरियाला परत गेले तयारीला, मला आत्याकडं ठेवून.

मुलगा वाईट नाही. म्हणून आणखीच त्रास होतो.

तू बाबांशी बोलशील? मी इथून आत्यापुढं तोंड उघडू शकत नाही, पण तू तिथं बोलला आणि बाबांनी मला फोन करून विचारलं, तर मी हो म्हणीन. तेवढं एक हो मी नक्की म्हणीन. तू काही सजवू नको. जे आहे ते सांग. दोन मिनिटं लागतील.

यशो

•

खमरिया, जबलपूर
१६ एप्रिल

यशो,

गेलो होतो. काल, संध्याकाळी सात वाजता. चौदाच्या जयंतीची गडबड होऊ दिली, इस्त्रीचा शर्ट घातला.

काकूनं दार उघडलं, जगदीशकाका पलंगावर कागद पसरून बसले होते. बरं झालं आला, म्हणाले. मी बसायच्या आधीच तुझा निकाल माझ्या हातात दिला. "बघ रे जरा. नऊपैकी साडेसहा. म्हणजे फर्स्ट क्लासच झाला ना? मग काहून नाही घेतलं पोरीला?" मी समजवायला लागलो. आधी साडेसहा चालत होतं काका, आता सात लागते. ते ऐकत होते. म्हणाले, "मी लागलो तेव्हा साहेबानं भिंतीवरची इंग्रजी पाटी वाचायला लावली होती, धोका, दूर राहा. ती वाचली आणि घेतलं. तेवढ्यावर छत्तीस वर्षं काढली. हिनं तर इतकं केलं." मग चष्मा काढून पुसत बसले. "चलो. माझ्याच्यानं होतं तेवढं शिकवलं. आता नीट घरी पडली की मी मोकळा."

तेव्हा बोलायचं होतं. तोंड उघडलंही. काका, मला एक सांगायचं आहे. ते म्हणाले, सांग ना बेटा. आणि यशो, मला त्यांचे पुढचे प्रश्न दिसायला लागले. काय करतोस, किती शिकला, मधेच काहून सोडलं, हिला कुठं ठेवशील. तू त्या खोलीत काहून गप्प झाली ते मला काल समजलं. मी आयुष्यात कधी गप्प बसलो नाही, फाइली फेकल्या, तुझ्या मॅडमपुढं ओरडलो. काल एक माणूस माझ्याशी चांगलं बोलून राहिला होता आणि मला फेकायला काही सापडलं नाही.

काका वाट पाहत होते. मी म्हटलं, काही मदत लागली तर सांगा.

त्यांना तेच पाहिजे होतं. कम्युनिटी हॉलसाठी फॅक्टरीच्या इस्टेट ऑफिसला अर्ज द्यायचा होता, बारा मेचा. अर्ज इंग्रजीत लागतो, नाहीतर बाबू फिरवतो म्हणाले. "तू कॉलेजात होता, तूच लिहून दे." काकूनं चहा ठेवला. मी लिहिला. कशासाठी हॉल हवा त्या जागी तुझं पूर्ण नाव लिहिलं, खाली त्या रायपूरवाल्याचं. त्याच्या नावाची अक्षरं काका सांगत गेले. काकांनी खाली सही केली, मला म्हणाले, तुझं अक्षर छापल्यासारखं आहे.

अर्ज उद्या दहाला ऑफिसात जाईल. काकांची ड्युटी सहाला सुटते, म्हणजे त्याआधी आज संध्याकाळी पुन्हा जाता येईल. आज दुकानात गेलो नाही. सकाळपासून काकांना पहिलं वाक्य काय बोलायचं ते लिहून राहिलो. मराठीत लिहिलं, हिंदीत लिहिलं. पाच वाजले.

अश्वजीत